डॉक्टरांना कधी बोलावाल?

पहिलटकरीण मिडवाइफकडे, म्हणजे शिकलेल्या सुईणीकडे, गेली की तिच्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो: "आजवर तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली?" प्रश्न स्वाभाविक आहे आणि फारसा उपयोगाचा नाही. जिने हजार बाळंतपणं केली, तिने त्यातली किती नीट केली आणि किती नशिबावर निभावली, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. शिवाय आकडा ऐकून आपण करणार काय? चारशेपेक्षा नऊशे बरे, एवढंच. पोटात बाळ असलं की माणूस आकड्यांना फार बिलगतो. आठवडे, वजन, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीतली डोक्याची मापं. त्यात आणखी एकाची भर.

पाठोपाठ येतो तो प्रश्न म्हणजे "नॉर्मल होईल ना?" याचं उत्तर जी बेधडक "हो" देते तिच्यापासून जरा जपून राहावं, असं माझं आता मत झालं आहे.

बाळंतपण हॉस्पिटलातच करायचं हे मी आधी ठरवलं आणि मिडवाइफ नंतर शोधली. ओळखीतल्या बऱ्याच जणांना यात काहीतरी विसंगत वाटलं. मिडवाइफ हवी तर घरीच बाळंत हो, आणि हॉस्पिटलात जायचं तर डॉक्टर आहेतच की, मधे ही कोण? माझ्या डोक्यात दोघांची कामं वेगळी होती. गरोदरपण साधं, निरोगी असेल तर कळांचे तासन्‌तास सोबत राहणं, बाळाचे ठोके ऐकणं, बाईला उठवणं-बसवणं, बाळ बाहेर येताना ते अलगद झेलणं, वार पडेपर्यंत आणि त्यानंतरही रक्तस्रावावर डोळा ठेवणं, हे सगळं शिकलेल्या मिडवाइफचं स्वतःचं काम आहे. ती डॉक्टरांची मदतनीस नव्हे. आणि अडलंच तर बाळ ओढून काढायचे व्हॅक्यूम आणि चिमटा, भूल, रक्त, ऑपरेशन थिएटर हे त्याच छताखाली हवं. मला दोन्ही हवं होतं. यात हावरटपणा असेल तर असो.

माझ्या या हट्टाला आकड्यांचा आधारही होता (बिलगतो म्हटलं ना). इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून अधिक कमी जोखमीच्या बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ज्यांचं आधीचं मूल होतं त्यांच्या बाबतीत घर काय आणि हॉस्पिटल काय, बाळाच्या दृष्टीने फरक दिसला नाही. पहिलटकरणींचं चित्र वेगळं होतं. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्यांमध्ये बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३ होतं, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या विभागात ते ५.३ होतं. मिडवाइफ चालवत असलेल्या केंद्रांमध्ये मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे मिडवाइफ असण्याने काही बिघडत नव्हतं.

पण त्या अभ्यासातला माझ्या मनात रुतून बसलेला आकडा वेगळाच. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात हलवावं लागलं. हॉस्पिटलच्या आवारातच असलेल्या मिडवाइफ केंद्रांमधूनही शंभरात ४० जणी डॉक्टरांच्या विभागात गेल्या. यातल्या बहुतेकींचं कारण धावपळ करावी असं नव्हतं. कळा लांबल्या, पिशवीचं तोंड उघडेना, किंवा एपिड्युरल, म्हणजे पाठीतून द्यायची कळा शमवणारी भूल, हवं झालं. तरी आकडा आकडाच. पहिल्या खेपेला एका हातातून दुसऱ्या हातात जाणं हा अपवाद नाही, दहातल्या चौघींच्या वाट्याला ते येतंच. मग मिडवाइफ निवडताना आपण सगळा वेळ तिच्या हाताखाली सगळं सुरळीत कसं होईल याचंच चित्र का रंगवायचं? तिच्या हातातून निसटण्याची वेळ आली तर ती काय करते, हे का नाही विचारायचं?

म्हणून मी एक प्रश्न तयार केला आणि भेटेल तिला तो विचारत गेले: "माझ्या बाळंतपणात तुम्ही डॉक्टरांना कधी बोलावाल?"

पहिल्या भेटीतल्या बाई इतक्या प्रेमळ होत्या की प्रश्न विचारायलाच जीव होईना. खोलीत मंद उजेड, आवाज मऊ, हात उबदार. शरीराला सगळं ठाऊक असतं, बाईने फक्त त्यावर विश्वास ठेवायचा, असं त्या सांगत होत्या आणि मला ते मनापासून पटत होतं. मग मी प्रश्न विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, "तशी वेळ आपण येऊच देणार नाही." त्यांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. पण बाळाचे ठोके मंदावले तर ते माझ्या विश्वासाची परीक्षा बघायला मंदावणार नव्हते, आणि "येऊच देणार नाही" या वाक्यात ती वेळ आली तर दोष कुणाचा, हेही गुपचूप ठरून गेलं होतं.

दुसऱ्या एकीने अगदी उलटा अनुभव दिला. तिने डॉक्टरांना बोलावण्याच्या कारणांची छापील यादी पुढे केली, खाली सही करायला जागा. यादी बरोबर असणार. मी एकेका ओळीबद्दल विचारू लागले तेव्हा कळलं, की यादी तिची नव्हती. "हे हॉस्पिटलचं आहे, असंच असतं," एवढंच उत्तर. नियम पाळणारी माणसं मला आवडतात, पण मला त्या नियमामागचं कारण सांगू शकणारं माणूस हवं होतं. मध्यरात्री यादीत न बसणारं काही झालं तर हिला सुचणार काय?

जिची निवड केली त्या बाई फारशा गोड नव्हत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उलट विचारलं, "तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे? बोलावण्याची, की उशिरा बोलावण्याची?" मी म्हटलं, दोन्हींची. मग त्या सरळ सांगत गेल्या. बीपी चढलं आणि त्यासोबत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं असेल तर लगेच. पाणी हिरवट गेलं, म्हणजे बाळाने आत शी केली असेल, तर डॉक्टरांना कळवायचं आणि ठोके सलग बघायचे. कळ ओसरल्यावरही ठोके वर यायला वेळ लावत असतील तर त्या आधी कूस बदलायला लावतील, पुन्हा ऐकतील, आणि तरीही तसंच असेल तर बोलावतील. बाळ पायाळू निघालं, ताप आला, रक्त जास्त गेलं, वार अर्ध्या तासात पडली नाही, ही उरलेली कारणं. "आणि एक," त्या म्हणाल्या, "मला काही ठीक वाटत नसेल आणि का ते सांगता येत नसेल, तेव्हाही. त्यावरून डॉक्टर कधी कधी माझ्यावर वैतागतात. वैतागू देत."

मी विचारलं, "डॉक्टर आले की तुम्ही जाता?"

"कुठे जाणार? त्यांचं काम ते करतील, माझं तर चालूच असतं."

माझा निर्णय तिथेच झाला.

हे सगळं सांगताना डॉक्टर विरुद्ध मिडवाइफ असा एक जुना आखाडा आपोआप उभा राहतो, आणि त्यात दोन्ही बाजूंचे लोक व्हिएन्नाची गोष्ट हटकून आणतात. गोष्ट खरी आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कुठल्या विभागात जायचं हे बाईच्या हातात नव्हतं, दाखल होण्याच्या वारावर ते ठरे. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तिघींहून कमी. शहरातल्या बायकांना हे आकडे कुणी दाखवले नव्हते, पण त्यांना ठाऊक होतं. पहिल्या विभागात नाव लागलं की त्या गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठवा म्हणून गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत, सुईणी शवविच्छेदन करत नसत. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने खाली आले.

मिडवाइफच्या बाजूचे लोक ही गोष्ट आपल्या विजयाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. त्याच सुईणींना सकाळी शवागारात पाठवलं असतं तर दुसरा विभागही पहिल्यासारखाच झाला असता. फरक हात कुठून आले आणि धुतले की नाही याचा होता, पदवीचा नव्हता. त्या बायकांचं मात्र मला फार कौतुक वाटतं. कारण माहीत नसताना त्यांची निवड अचूक होती आणि निवडण्याचा हक्क तेवढा नव्हता.

माझ्याकडे तो हक्क होता, निदान कागदावर. प्रत्यक्षात हॉस्पिटलातल्या बाळंतपणात आपण एक माणूस निवडतो आणि आपल्याला मिळतं ड्युटीचं वेळापत्रक. बाळाला कुणाची पाळी कधी संपते याचं सोयरसुतक नसतं. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकच मिडवाइफ, किंवा ओळखीच्या मोजक्या जणींचा गट, ही पद्धत चांगली असते असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि ते खरंही आहे. पण किती चांगली? या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये पुन्हा घेतला. १७ अभ्यास, १८ हजारांहून अधिक बायका. इतर पद्धतींत शंभरात ६६ जणी आपसूक बाळंत होतात, या पद्धतीत ७०. सिझेरियन १६ऐवजी १५. व्हॅक्यूम-चिमटा १३ऐवजी ११. योनीमार्गाला छेद २३ऐवजी १९. आधीच्या, २०१६च्या आढाव्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं या पद्धतीत कमी होतात असं दिसलं होतं. नव्या आढाव्यात तो फायदा उरला नाही. म्हणजे लाभ आहे, पण चमत्कार नाही. मैत्रिणी "माझ्या मिडवाइफमुळे सिझेरियन टळलं" असं छातीठोकपणे सांगतात तेव्हा मी मान डोलावते, वाद घालत नाही.

मात्र त्याच आढाव्यात बायकांनी आपल्या अनुभवाबद्दल जे सांगितलं ते या पद्धतीच्या बाजूने होतं, आणि मला ते कमी महत्त्वाचं वाटत नाही. ओळखीच्या माणसाला आपला घाबरण्याचा आवाज आणि वेदनेचा आवाज यांतला फरक कळतो.

म्हणून माझा दुसरा प्रश्न होता, "तुम्ही नसाल तर कोण येईल?" बाईंनी त्यांच्या गटातल्या बाकीच्यांची भेट घालून दिली. त्यातल्या एकीशी माझं मुळीच सूत जुळलं नाही. बोलणं तुटक, नजर सतत कागदावर. पोट तपासताना हात मात्र पक्के. तपासून झाल्यावर "डोकं खाली आहे, पाठ डावीकडे" एवढंच बोलून त्या उठल्या. घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, "काहीही होऊ दे, त्या नको." तो म्हणाला, "आता बाळालाच सांग तसं."

पुढच्या तपासण्यांमध्ये माझ्या लक्षात आलं, की निवड एका बैठकीत उरकत नाही. प्रत्येक भेटीत ती थोडी पक्की होते किंवा सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान ८ भेटी सुचवल्या आहेत. आधी ४ म्हणत असत. वजन, बीपी, लघवी, पोटाची उंची, ठोके, यात भेटीतला बराच वेळ जातो, पण उरलेल्या वेळात बाई कशा विचार करतात ते उलगडत जातं. एकदा मी घड्याळाबद्दल विचारलं. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलं पाहिजे, नाहीतर कळा वाढवायची ड्रिप लावतात, असं मी ऐकून होते. त्यांनी तिथेच कागदावर आलेख काढला. १९५५ मध्ये इमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरने ५०० पहिलटकरणींच्या कळांचे तास मांडून एक वक्ररेषा तयार केली, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या लेबर रूम त्या रेषेवर चालल्या. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की कळांचा सक्रिय टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरावा, त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नसते, आणि तासाला एक सेंटिमीटर हा वेग नाही म्हणून तेवढ्यावरून कुणाला औषध देऊ नये. पहिल्या खेपेला सक्रिय टप्पा बहुधा १२ तासांच्या आत पुरा होतो आणि जोर लावण्याचा टप्पा ३ तासांच्या आत. "म्हणजे घड्याळ फेकून द्यायचं?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "घड्याळ बघायचं. पण त्याच्याआधी बाईकडे आणि बाळाकडे."

ठोके ऐकण्याबद्दलही असंच. मला वाटायचं, यंत्राचा पट्टा सतत पोटाला बांधलेला असला की बाळ जास्त सुरक्षित. कमी जोखमीच्या बाळंतपणात तसं नसतं. सक्रिय कळांमध्ये दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर लावताना दर ५ मिनिटांनी डॉप्लरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या यंत्राने, ऐकलं तरी पुरतं. सलग यंत्र लावल्याने सिझेरियनचं प्रमाण वाढतं, बाळांच्या मृत्यूत आणि सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम करणाऱ्या विकारात) फरक पडत नाही. जन्मल्यावर बाळाला झटके येण्याचं मुळात दुर्मीळ असलेलं प्रमाण मात्र निम्म्यावर येतं. बाईंनी हे शेवटचं वाक्यही सांगितलं. आपल्या बाजूला गैरसोयीची माहिती आपणहून देणारं माणूस मला त्या सगळ्या काळात क्वचितच भेटलं.

मग माझा तो प्रसिद्ध कागद. बाळंतपणात काय हवं, काय नको, याची यादी. नेटवर नमुने असतात, फुलांच्या किनारीसकट. मी मन लावून लिहिली होती. बाईंनी वाचली आणि त्यातल्या बऱ्याच ओळी पेन्सिलने खोडल्या. केस काढणं, एनिमा हे आता इथे करतच नाहीत. नाळ लगेच कापत नाहीत, मिनिटभर तरी थांबतात. छेद सरसकट देत नाहीत. बाळ थेट आईच्या छातीवर ठेवतात. "हे सगळं तुम्हाला न मागता मिळणार आहे. काही कारणाने नाही मिळालं, तर हा कागद वाचायला कुणाला वेळ नसेल. त्याऐवजी एक लिहा. अचानक काही बदलावं लागलं तर तुम्हाला ते कसं सांगितलेलं चालेल?" मी बराच विचार करून लिहिलं: आधी काय करणार ते एका वाक्यात, मग का ते एका वाक्यात, आणि माझं "हो" ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही. नवऱ्याला तो कागद माझ्यापेक्षा जास्त पाठ झाला होता.

सोबत कोण असावं यावर घरात थोडी चर्चा झाली, तिची कहाणी लांबवत नाही. आई की नवरा, असा तो पेच होता. बाळंतपणात सतत सोबत असणाऱ्या माणसावर २६ चाचण्या झाल्या आहेत, त्यांत १५ हजारांहून अधिक बायका होत्या. सोबत असली की कळांचा काळ थोडा आखूड होतो, आपसूक बाळंतपणं वाढतात, नाखुशी कमी राहते. सोबतीचं माणूस फार हुशार असावं लागत नाही, ते घाबरून आपल्यालाच धीर द्यायला लावणारं नसावं. या कसोटीवर नवरा टिकला आणि आई स्वतःहून म्हणाली, "मी बाहेरच बरी."

कळा सुरू झाल्या तेव्हा माझ्या बाई ड्युटीवर होत्या. लांबलेला पहिला टप्पा त्यांच्या सोबतीने गेला. चालणं, वाकून उभं राहणं, गरम पाण्याच्या शॉवरखाली बसणं, कमरेवर त्यांची मूठ. आतून तपासणी त्यांनी मोजक्या वेळा केली आणि दरवेळी आधी विचारलं. मग त्यांची पाळी संपली आणि दारातून आल्या त्या "त्या नको" म्हणालेल्याच बाई. मला आठवतं, मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी काही समजूत घातली नाही. डॉप्लर लावला, ठोके ऐकले, नोंद केली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाणी गेलं ते हिरवट. त्यांनी मला तसं सांगितलं, फोन उचलला, पट्टा बांधला. जोर लावायचा टप्पा सुरू झाला आणि बराच चालला. पुढेपुढे प्रत्येक कळेनंतर ठोके खाली जाऊन सावकाश वर येऊ लागले. मला कुशीवर वळवलं, मग गुडघ्यांवर. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, एक-दोन कळा थांबले. मग त्या तुटक बोलणाऱ्या बाई माझ्या कानाशी वाकल्या: "व्हॅक्यूम लावायचा आहे. बाळ थकतंय, आणि अगदी दाराशी आहे. चालेल?" एका वाक्यात काय, एका वाक्यात का, आणि प्रश्न. मी "हो" म्हटलं. नाळेसाठी मिनिटभर थांबणं झालं नाही, बाळाला लगेच तपासायचं होतं. तेही त्यांनी हात चालू ठेवूनच मला सांगितलं. मुलगी थोड्या वेळाने रडली. पहिल्या मिनिटाला तिचा अपगार, म्हणजे जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला दहापैकी देतात ते गुण, ६ होता, पाचव्या मिनिटाला ९.

वार पडल्यावर रक्त किती गेलं ते त्या अंदाजाने सांगत नव्हत्या. खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी होती, तीत बघून दर थोड्या वेळाने त्या आकडा मोठ्याने म्हणत होत्या. डोळ्यांनी अंदाज केला की रक्त हमखास कमी धरलं जातं. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांच्या ८० हॉस्पिटलांमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. अशा पिशवीने मोजून, सगळे उपाय एकदमच सुरू करायचे, एवढ्याने अतिरक्तस्रावाचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. माझा आकडा ५०० मिलीच्या रेघेकडे सरकू लागला तशी त्यांनी पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं आणि डॉक्टरांना, जे निघाले होते, परत हाक मारली. पुढे तो आकडा थांबला. "कोण येईल" हा प्रश्न विचारून मी त्यांना भेटले होते, आणि भेटून नाकारलं होतं. माझी पारख कितपत, ते यावरून समजावं.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाई आल्या. फाइल घेऊन बसल्या आणि तासातासाच्या नोंदी वाचून दाखवल्या. माझ्या डोक्यातला क्रम पार उलटसुलट होता. डॉक्टर धावत आले असं मला आठवत होतं, ते चालत आले होते. त्यांना दोनदा बोलावलं गेलं होतं, मला एकदाच ठाऊक होतं. मी विचारलं, "तुम्ही असता तर?" त्यांनी नोंदीवर बोट ठेवून विचार केला. "मी बहुतेक थोडं आधी बोलावलं असतं. माझा स्वभाव तसा. डॉक्टर तेव्हाही थांबाच म्हणाले असते." सहकारी बाईंच्या पाठीमागे आणि तरीही त्यांच्याबद्दल वाईट न बोलता हे त्या सांगू शकल्या.

एक गोष्ट मी निवडताना कुणालाही विचारली नव्हती आणि माझ्या माहितीत कुणी विचारत नाही: बाळंतपणानंतर कोण येणार? बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे वळतं, त्यात आपलंही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की हॉस्पिटलात बाळंत झाल्यावर किमान २४ तास तिथे राहावं आणि नंतर आणखी तीन भेटी तरी व्हाव्यात: दोन-तीन दिवसांत, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात. माझ्या बाई येत होत्या. टाके, छाती, अंगावरून जाणं, बाळाचं वजन, कावीळ. दुसऱ्या आठवड्यातल्या भेटीत त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला. एडिंबरामध्ये १९८७ साली तयार झालेली ती प्रश्नावली बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरायला वापरतात. मी छान छान उत्तरं भरली. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "रडू येतं का?" मी नाही म्हटलं.

पुढच्या भेटीत त्यांनी कागद काढलाच नाही, सरळ तोच प्रश्न विचारला. या वेळी मला उत्तर द्यायच्या आधीच रडू आलं. त्या बराच वेळ बसल्या, मुलीला मांडीवर घेऊन. मग म्हणाल्या, "हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही," आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. औषधाची गरज पडली नाही. आठवड्यातून एकदा बोलायला एक समुपदेशक मिळाल्या, आणि रात्री उठायची अर्धी पाळी नवऱ्याकडे गेली.